सासूबाईंकडची किल्ली

"ओढ!" लॉरेदाना ओरडली.

"ओढतोय की!"

"मग जोर लाव ना! मेल्यासारखा काय ओढतोस?"

फुल्वियोने जीव खाऊन ओढलं, आणि झग्याची चेन तुटून त्याच्या हातात आली.

झगा साधासुधा नव्हता, लग्नाचा होता. दीड महिन्यापूर्वी तो लॉरेदानाच्या अंगावर चापूनचोपून बसला होता आणि आज तिच्या पाठीवर मिटायला तयार नव्हता. आणि आजच तर तो हवा होता. नवीन लग्न झालेल्या जोडप्यांनी लग्नाच्याच कपड्यांत बुधवारच्या सभेला सेंट पीटरच्या चौकात जायचं, पुढच्या राखीव खुर्च्यांवर बसायचं आणि पोपचा आशीर्वाद घ्यायचा, ही रोममधली जुनी रीत. पास आले होते, टॅक्सी सांगून ठेवली होती, आणि नवरी पाठ उघडी टाकून आरशासमोर उभी होती.

"हे सगळं तुझ्या आईमुळे!" ती फिरून म्हणाली.

"आता आईनं काय केलं?"

"रोज दुपारी चीजनं थबथबलेली ताटभर लझानिया कोण आणून ठेवतं? आणि बेल वाजवून आणते का? नाही! स्वतःच्या किल्लीनं दार उघडून घुसते!"

भांडण होतं ते या किल्लीचं. फुल्वियोची आई, सिन्योरा एर्सिलिया, एकच मजला वर राहायची, आणि मुलाच्या घराची एक किल्ली तिच्या गळ्यातल्या साखळीत क्रुसाच्या शेजारी लटकलेली असायची. तिला वाटेल तेव्हा ती खाली यायची. कपाटातले कपडे काढून पुन्हा घड्या घालायची. सुनेने कॉफीचं भांडं साबणाने घासलं, आता त्याची चव गेली, म्हणून तिने ते सरळ कचऱ्यात टाकलं होतं. आणि परवा तर कहर झाला. लॉरेदाना आंघोळ करत असताना बाथरूमचं दार उघडून तिने टॉवेल आत धरला आणि म्हणाली, "हा घे, तो खरखरीत आहे." आता सांगा, कुणाची तळपायाची आग मस्तकात जाणार नाही?

"नीट ऐक, फुल्वियो," लॉरेदाना एकेक शब्द चावत म्हणाली. "आज आशीर्वादाच्या आधी तू आईकडून ती किल्ली मागून घ्यायचीस. नाही घेतलीस, तर आशीर्वाद एकटा घे. मी तिथनंच स्टेशनवर जाईन आणि तेर्नीची गाडी पकडेन. माझ्या आईकडे. कायमची."

"मागतो ना."

'मागतो ना' हे तो लग्न झाल्यापासून म्हणत होता. आणि आता या शहाण्याने काय करावं? चेन तुटली म्हणून आईलाच फोन लावला! तो फोन ठेवतोय न ठेवतोय तोच दारात किल्ली फिरली.

सिन्योरा एर्सिलिया काळा पोशाख, डोक्यावर काळी जाळी आणि हातात शिवणाचा डबा घेऊन आत आली. जणू बोलावण्याचीच वाट बघत जिन्यात उभी होती.

"श्वास आत घे," तिने सुनेला फर्मावलं.

"घेतलाय, सिन्योरा."

"अजून घे. आणि आता सोडू नकोस."

तिने जाड दोरा घेतला आणि मानेपासून कमरेपर्यंत झगा घट्ट शिवून टाकला. अंगावरच. शेवटची गाठ मारून तिने दोरा दाताने तोडला तेव्हा लॉरेदानाच्या लक्षात आलं की आता या झग्यातून सासूच्या कात्रीशिवाय सुटका नाही. तेर्नीला जायचं तरी सासूची परवानगी काढून!

"मी येते बरोबर," सिन्योरा म्हणाली. "टाके उसवले तर कोण बघणार?"

"आई, पास दोघांचेच आहेत..." फुल्वियो पुटपुटला.

"नवरानवरीच्या खुर्च्यांचे दोघांचे. चौकात यायला मला कोण अडवतंय ते बघते मी."

टॅक्सीत लॉरेदानाला बसता येईना. बसली की पाठीत टाके करकरायचे. शेवटी ती मागच्या सीटवर आडवी पडली, डोकं नवऱ्याच्या मांडीवर आणि पाय सासूच्या. ड्रायव्हरने आरशातून बघितलं आणि त्याचा चेहरा खुलला.

"लग्नाला निघालात की लग्नातून पळालात?"

"तुम्ही पुढे बघा!" लॉरेदाना आडव्यानेच गरजली.

"पोपकडे होय! मग खुशाल भांडा. आम्ही पण तिथं जाताना भांडलो होतो. माझी बायको तर परतताना बसने गेली."

"फुल्वियो," लॉरेदाना दातांतून म्हणाली, "माग."

फुल्वियोने खिडकीबाहेर बघितलं. "आई... आज ऊन फार आहे, नाही?"

"टोपी आणलीय मी तुझी," आई म्हणाली.

पालथ्या घड्यावर पाणी! अशा माणसाला चौकात आशीर्वाद नको, चांगल्या दोन ठेवून द्यायला हव्यात.

चौकाच्या तोंडाशी तपासणी होती. सिन्योरेच्या पर्सची झडती झाली. तीत लझानियाचा डबा निघाला, फुल्वियोची लोकरी टोपी निघाली, आणि तळाशी कात्री. शिपायाने कात्री उचलून बाजूला ठेवली.

"ही आत जाणार नाही."

"अहो, सून शिवलीय माझी! तिला बाहेर कशानं काढू?"

शिपायाने सुनेकडे बघितलं, मग सासूकडे, मग नवऱ्याकडे. "सून आत जाईल. कात्री नाही," तो म्हणाला.

नवरानवरीच्या खुर्च्या पायऱ्यांच्या बाजूला होत्या, लाकडी कठड्याच्या आत. कठड्यापाशी सिन्योरेला अडवलं. ती मुकाट बाजूला झाली, हे बघून लॉरेदानाला क्षणभर बरं वाटलं. पण त्या बाईने हार मानली नव्हती, फक्त रस्ता बदलला होता. कठड्याच्या मागे नन्सची एक फळी पहाटेपासून जागा धरून उभी होती. पोपच्या सभेत ननला मागे सारणं म्हणजे भिंतीला धडक देणं. सिन्योरेने कोपर बाहेर काढलं आणि चालू पडली.

"बाई, आम्ही पहाटेपासून उभ्या आहोत!" एक जाडजूड नन फिस्कारली.

"मग थकला असाल. बसा जरा."

आणि ती थेट लॉरेदानाच्या पाठीमागे कठड्याला येऊन टेकली.

सभा सुरू झाली. सगळे बसले, फक्त लॉरेदाना उभी. बसलं तर पाठ फाटणार.

"ओ नवरीबाई, खाली बसा!" मागून कुणीतरी ओरडलं.

"आम्हाला काही दिसत नाही!"

"लग्न तुमचं एकटीचंच झालंय का?"

लॉरेदानाचे कान तापले. रागाने तिने खोल श्वास घेतला आणि तिथेच घात झाला. टर्रकन आवाज झाला. मधले चार टाके गेले. त्याच क्षणी कठड्याच्या फटीतून एक हात आला आणि त्याने झग्याच्या दोन्ही कडा मुठीत गच्च आवळून धरल्या.

"हलू नकोस," मागून सासूचा आवाज आला. "धरलंय मी."

"सोडा, सिन्योरा!"

"सोडू? सगळ्या जगासमोर?"

धरलं तर चावतं, सोडलं तर पळतं, अशी गत. ती सबंध सभा लॉरेदानाने सासूच्या मुठीत उभ्याने काढली.

"किल्ली," ती शेजारी बसलेल्या नवऱ्याला म्हणाली. "ही शेवटची संधी."

"आत्ता? आई काम करतेय."

लॉरेदानाने बोटातली अंगठी काढून त्याच्या मांडीवर ठेवली. फुल्वियोचा चेहरा पांढराफटक पडला.

शेवटी पोप जोडप्यांना भेटायला खाली उतरले. रांगेत एकच नवरी ताठ उभी, डोळ्यांत पाणी आणि चेहरा लालभडक. ते सरळ तिच्याकडे आले.

"काय झालं, मुली?"

लॉरेदाना एका दमात सांगून मोकळी झाली. "बाबा, माझ्या सासूकडे आमच्या घराची किल्ली आहे आणि ती देत नाही! मी आंघोळ करत असते तेव्हा आत येते! आणि हा, हा माझा नवरा, तोंडाला कुलूप लावून बसलाय!"

"पोपबाबा, ऐकू नका तिचं!" मागून सिन्योरा किंचाळली. एक हात सुनेच्या पाठीवर होता, दुसऱ्याने तिने गळ्यातली साखळी उपसली आणि सुनेच्या खांद्यावरून ती किल्ली पोपच्या नाकासमोर धरली. "हीच ती किल्ली! आई आहे मी! सेंट पीटरनं स्वर्गाची किल्ली कुणाला दिली होती का?"

चहूबाजूंनी लोक जपमाळा, फोटो, पदकं आशीर्वादासाठी पुढे करत होते, नेहमीसारखे. त्या गलबल्यात पोपना किती ऐकू गेलं ते त्यांनाच ठाऊक. त्यांनी किल्लीकडे बघितलं, हसले, तिच्यावर हाताने क्रुसाची खूण केली, बोटांनी तिला हलकेच स्पर्श केला आणि पुढच्या जोडप्याकडे गेले.

सिन्योरा एर्सिलिया गोठल्यासारखी उभी राहिली. "आशीर्वाद दिला," ती म्हणाली. "माझ्या किल्लीला."

घरी आल्यावर फुल्वियोने कोंबडी कापायच्या कात्रीने बायकोला झग्यातून सोडवलं. तिने लगेच बॅग भरायला घेतली.

"एक रात्र थांब," तो अंगठी पुढे करत म्हणाला. "उद्या कुलूपवाल्याला बोलावतो. आईची शपथ."

"तिची शपथ घेऊ नकोस!" लॉरेदाना खेकसली. पण भांडत बॅग भरेपर्यंत रात्र झाली आणि शेवटची गाडी गेली, म्हणून ती थांबली.

दुसऱ्या दिवशी दुपारपर्यंत कुलूपवाल्याचा पत्ता नव्हता, आणि ती भरलेल्या बॅगेवर बसून दाराकडे डोळे लावून होती. आज किल्ली फिरली की काय काय बोलायचं ते सगळं पाठ होतं. पण किल्ली फिरलीच नाही.

बेल वाजली.

दारात सिन्योरा, हातात लझानिया. "येऊ का आत?"

लॉरेदानाने तिच्या गळ्यातली साखळी बघितली, तीत नुसता क्रूस होता. "तुमची किल्ली कुठंय?"

"किल्ली?" सासू दुखावल्या आवाजात म्हणाली. "पोपबाबांनी हात लावलेली किल्ली मी कुलपात घालून झिजवू? अगं, देवाची वस्तू आहे ती! काचेत लावलीय."

आणि खरंच लावली होती. वरच्या मजल्यावर मरियामातेच्या तसबिरीखाली, लाल मखमलीवर, समोर तांबडा दिवा. सिन्योरा आल्यागेल्याला ती दाखवायची आणि हात लावू द्यायची नाही. पुढच्याच आठवड्यात फुल्वियो आपली किल्ली कचेरीत विसरला आणि आईपाशी गयावया करायला लागला, तर तिने त्याला उभंही केलं नाही.

"दार उघडायला वापरायची वस्तू आहे का ती? बस जिन्यात. बायको येईल तेव्हा उघडेल."

तो रात्रीपर्यंत जिन्यात बसला. त्याने आईची लझानिया थंडच खाल्ली आणि आयुष्यात पहिल्यांदा आईवर मनापासून चिडला. लॉरेदाना कामावरून आली, तिने त्याच्याकडे बघितलं आणि दार उघडायच्या आधी सावकाश एक मजला वर गेली. काचेपुढे गुडघे टेकले, छातीवर क्रुसाची खूण केली, आणि पर्समधून आणलेली नवी मेणबत्ती लावली.

"बघा," सिन्योरा शेजारणीला म्हणाली, "हल्लीच्या मुलींमध्ये एवढी श्रद्धा कुठं सापडते?"