फ्लोराबाईंचे शुक्रवारचे केस

शुक्रवारी दुपारी तीनच्या सुमारास डोक्याला पंचा गुंडाळलेली आणि मांडीवर हेअरड्रायर घेतलेली एक बाई न्यू पनवेलहून सुकापूरकडे रिक्षातून जाताना दिसली, तर घाबरायचं कारण नाही. त्या आमच्या वरच्या मजल्यावरच्या फ्लोराबाई. केस वाळवायला निघाल्या आहेत.

गोष्ट लोडशेडिंगच्या वर्षांतली. आमच्या सेक्टरमधली लाइट नेमकी शुक्रवारी दुपारी जायची आणि बाईंचं न्हाणंही नेमकं तेव्हाच. दोघंही हट्टी. "सकाळीच न्हाऊन घ्या ना," असं मी एकदा म्हणून पाहिलं.

"आणि मग मासे तळू? त्या वासाचे केस घेऊन शब्बाथचा दिवा लावू?"

बाई बेने इस्रायल, म्हणजे कोकणातल्या मराठी ज्यू; शब्बाथ हा त्यांचा आठवड्याचा विसाव्याचा दिवस. शुक्रवारी सूर्य मावळायच्या आधी दिवा लावला की शनिवारी अंधार पडेपर्यंत विजेच्या बटणाला हात नाही. म्हणजे केस त्याआधी वाळायलाच हवेत. सुकापुरात त्यांची एक जुनी विद्यार्थिनी राहायची आणि तिच्याकडे त्या वेळी लाइट असायची. म्हणून ही वरात.

रिक्षावाला ठरलेला. तो दर वेळी म्हणे, "बाई, वारा हाय ना! इथंच मोकले सोडा, फुकटात सुकतील."

"वाऱ्याने केस सुकत नाहीत, गुंततात. तू समोर बघ."

पासष्टीच्या बाई, पण केस गुडघ्याला टेकणारे. निम्मे पांढरे, पण काय चमक होती त्यांना! मला तर हेवाच वाटायचा.

माझी आणि त्यांची ओळख झाली तीही केसांवरूनच. मी नवीनच राहायला आले होते. घरीच साड्यांना फॉल-पिको करून द्यायची. भावाच्या लग्नाला जायचं म्हणून हौसेने ड्रायर आणला, फुल गरम केला आणि डोक्याला जवळजवळ चिकटवला. पाच मिनिटांत बेल वाजली. दारात एक अनोळखी बाई, नाक वर करून.

"कोणाचे केस जळतायत?"

नाव-गाव काही नाही. सरळ आत आल्या, प्लग उपटला आणि मला स्टुलावर बसवलं. तीस वर्षं शाळेत गणित शिकवलेला आवाज होता, मी निमूट बसले.

"केस म्हणजे पापड नाहीत भाजायला. आधी पंच्याने नुसते दाबायचे, चोळायचे नाहीत. निम्मे आपोआप वाळू द्यायचे. मोठ्या दातांची फणी घ्यायची, टोकाकडून सुरुवात करायची, मग वर वर यायचं. मग ड्रायर. मध्यम गरम, वीतभर लांब!"

ही वीत त्या माझ्या डोक्याला अंगठा टेकवून स्वतःच्या हाताने मोजत आणि हात तसाच ठेवत. पंधरा मिनिटं. "ड्रायरचं तोंड खाली, मुळाकडून टोकाकडे. आणि हात हलता ठेव! आरती ओवाळता ना तुम्ही, तशी!" आमच्या आरतीचा असा उपयोग मला आजवर कोणी सांगितला नव्हता. शेवटी गार हवा. ती चुकवली की बाई सगळं पहिल्यापासून करायला लावत.

बिल्डिंगमधल्या प्रत्येक पोरीच्या डोक्यावर बाईंची वीत पडलेली. स्वतःच्या केसांना मात्र त्यांनी कधी कुणाला बोट लावू दिलं नाही.

मग त्यांचा उजवा खांदा धरला. हात कानाच्या वर जाईना. डॉक्टर म्हणाले, केस कापा. सुकापूरची विद्यार्थिनी म्हणाली, कापा. बाईंनी दोघांशीही बोलणं टाकलं. मी म्हटलं, मी वाळवून देते. "तुझा हात घाईचा," म्हणून मलाही वाटेला लावलं.

आणि एका शुक्रवारी त्या माझ्या दारात उभ्या. डोक्याला ओला पंचा.

"तुझी कापडाची कात्री दे."

ती कात्री मी नवऱ्यालाही कागद कापायला देत नाही. मी विचारलं, "कशाला?"

"रुथ म्हणाली, कापून टाक."

रुथ त्यांची धाकटी बहीण. नवऱ्याबरोबर इस्रायलला गेली त्याला वीसेक वर्षं झाली होती. बाई तिच्याबद्दल कधी फारशा बोलत नसत. त्या दिवशी दारातच उभ्या राहून बोलल्या.

"जायच्या दिवशी तिने माझे केस वाळवले. म्हणाली, मी परत येईपर्यंत कापायचे नाहीत, ताई. दर फोनला विचारायची, आहेत ना गं? काल खांद्याचं सांगितलं, तर म्हणाली, कशाला जपत बसतेस आता." बाईंनी डाव्या हाताने पंचा सावरला. "म्हणजे ती येत नाही, सुलभा."

मला रडू आलं. बाईंना आलं नाही. मी कात्री मशीनच्या खणात टाकली, खण बंद केला आणि त्यांचा डावा हात धरून त्यांना वर त्यांच्या घरी घेऊन गेले. लोडशेडिंगचं वेळापत्रक बदललं होतं, लाइट होती. त्या खिडकीशी स्टुलावर बसल्या. मी पंचा सोडला, ड्रायर घेतला आणि खुर्ची ओढून त्यांच्या मागे, डाव्या अंगाला ठेवली.

"तिथे नको," त्या म्हणाल्या. "तिथे रुथ बसायची."

मी खुर्ची उचलली. आता कुठे ठेवायची ते कळेना, म्हणून हातात धरून तशीच उभी राहिले. बाईंनी खिडकीबाहेर पाहिलं. ऊन समोरच्या बिल्डिंगच्या गच्चीपर्यंत चढलं होतं, दिव्याची वेळ जवळ येत होती.

"राहू दे," त्या म्हणाल्या. "बस तिथेच."