यादवीबाईंना पाणी

माझ्या भिंतीला भिंत लावून राहणाऱ्या भानुदासाचे वय एकसष्ट असून तो अद्याप शिकाऊ आहे. व्यवसायाने तो विहिरींवरच्या मोटारींचे वाइंडिंग करतो आणि त्यात नेवाशापर्यंत त्याचा हात धरणारा कोणी नाही. शिकाऊ आहे तो जादूगाराचा. आमच्या गावच्या यात्रेत दरवर्षी एकच नाटक होते. जादूच्या एका राज्यातील दोन राजपुत्र गादीसाठी एकमेकांवर उठतात आणि राजगुरू असलेला जादूगार ते युद्ध टाळतो. या जादूगाराचा चेला बत्तीस वर्षे भानुदासच आहे. या काळात तीन जादूगार वारले. प्रत्येक वेळी भानुदासाला बढती देऊ केली गेली आणि प्रत्येक वेळी त्याने कळवले, "आजून शिकतोय."

विवाद्य प्रवेश दुसऱ्या अंकातला. जादूगार परातीतल्या पाण्यात पाहून म्हणतो, "महाराज, यादवी दारात उभी आहे." यादवी म्हणजे भाऊबंदांतले युद्ध, हे शाळेची पायरी चढलेल्या कोणासही ठाऊक असावे. भानुदासाने पहिल्याच वर्षी रंगमंचावरचे दार उघडले, रिकाम्या विंगेकडे पाहून "या यादवीबाई, उन्हाच्या आलात, दमला असाल," असे म्हटले आणि तांब्याभर पाणी पुढे केले. लोक हसले. लोक हसले म्हणून चूक कायम झाली, आणि कायम झालेल्या चुकीला आमच्याकडे परंपरा म्हणतात.

मी दिवाणी न्यायालयात शिरस्तेदार होतो. चुकीचा शब्द दप्तरात राहू देण्याची मला सवय नाही. मी यात्रा समितीस पत्र लिहिले, सोबत शब्दकोशाचे पान जोडले. नंतर स्मरणपत्र. नंतर दुसरे स्मरणपत्र, प्रत तहसीलदारांना माहितीसाठी. भानुदासालाही समक्ष समज दिली.

"आण्णा, कायद्यानं तुमचंच बराबर आसंल," तो म्हणाला. "पन बाई दारात उभी हाय म्हनल्यावर पानी इचारायचं न्हाई व्हय?"

"ती बाई नाही, भानुदास. ते युद्ध आहे."

"मंग युद्धाला पानी पाजलं तर काय बिघडलं? दम तरी खाईल त्ये."

या युक्तिवादाचे खंडन मला अजून सापडलेले नाही.

यंदा समितीने माझा अर्ज एकदाचा सभेपुढे घेतला. वरच्या आळीचे म्हणणे, अर्ज रास्त आहे, पाणी बंद करा. खालच्या आळीचे म्हणणे, पाणी दिलेच पाहिजे. तासाभरात विषय यादवीवरून मारुतीच्या पारावर, आणि पारावरून दोन पिढ्यांपूर्वी कोरलेल्या बांधावर गेला. दोन्ही आळ्या वेगवेगळे नाटक करण्याची भाषा बोलू लागल्या. शब्दाचा अर्थ गावाला निदान कृतीतून समजला. शेवटी सोमवारी मतदान घेण्याचे ठरले. वरच्या आळीत मते जास्त असल्यामुळे प्रवेश जाणार, हे उघड होते.

रविवारी सकाळी भानुदास वॉर्निशने माखलेल्या हातांनी माझ्या ओट्यावर आला.

"आण्णा, अर्ज मागं घ्या. अर्जच न्हाई म्हनल्यावर मतदान कशाचं?"

"कारण?"

"आसंच."

"'असेच' हे कारण होत नाही. लेखी दे."

तो वाद घालील अशी माझी अपेक्षा होती. त्याने माझेच पेन घेतले आणि माझ्याच कागदावर बराच वेळ लिहिले. मग कागदाची घडी माझ्या हातात देऊन, "मोटार वाळत घातलीय," म्हणत तो निघून गेला.

कागदावर लिहिले होते:

'माझी मंडळी माहेराहून परत आली होती. भांडण तिचं आन माझ्या थोरल्या भावाचं होतं. ती भर उन्हात दारात उभी राहिली. मी भावाच्या तोंडाकडं बघत बसलो. पाणीसुद्धा इचारलं नाही. ती उभ्या उभ्या माघारी गेली. नंतर कधी आली नाही.'

खाली सही, आणि सहीशेजारी वॉर्निशचा अंगठा.

यादवीचा अर्थ त्याला पहिल्यापासून ठाऊक होता काय, हे मी त्याला विचारलेले नाही.

तो कागद मी समितीकडे दिला नाही. अर्ज मात्र त्याच दिवशी मागे घेतला. कारण नमूद करणे आवश्यक असल्यामुळे लिहिले: 'यादवी हे स्त्रीचे नाव आहे. अर्जदाराच्या समजुतीत चूक होती. सोबत जोडलेले शब्दकोशाचे पान रद्द समजावे.'