शुभेच्छुकांच्या रांगेतली सूनबाई

"जिची नोकरी, तिलाच खाली शुभेच्छुकांत बसवलं. बिरप्पा आन् मुक्ताबाईच्या मधी. लाज तरी कशी वाटंना माणसाला!"

नागूबाई हे भाकरी थापता थापता परातीला सांगत होत्या. परात काही बोलत नव्हती. उंबऱ्यात चहाची बशी धरून बसलेले जालिंदर सरवदेही काही बोलत नव्हते. पण भाकरीवर पडणारी प्रत्येक थाप आपल्या पाठीसाठी आहे, एवढं त्यांना कळत होतं. एसटीच्या वर्कशॉपमध्ये बत्तीस वर्षं काढलेल्या माणसाला आवाजावरूनच बिघाड ओळखता येतो.

बिघाड गल्लीच्या तोंडाशी दोन खांबांच्या मध्ये टांगलेला होता, चांगला बारा फूट लांब. त्यावर त्यांचा मुलगा सुमित सूट घालून हसत होता आणि वर लाल अक्षरांत लिहिलं होतं, 'गल्लीचे भूषण मा. सुमित जालिंदर सरवदे यांची आयर्लंड देशाच्या तांत्रिक प्रमुखपदी निवड!'

खरं काय होतं, ते सांगायला हवं. जालिंदररावांची सून धम्मप्रिया पुण्यात एका सॉफ्टवेअर कंपनीत मोठ्या हुद्द्यावर होती. तिला डब्लिनच्या एका कंपनीनं बोलावलं, सगळ्या तांत्रिक कामाची प्रमुख म्हणून. व्हिसा कंपनीच काढून देणार होती. त्याला स्पॉन्सर करणं म्हणतात, हे सुमितनं फोनवर समजावलं. "म्हणजे आबा, कंपनी तिकडच्या सरकारला लिहून देते, की आम्हाला ह्याच बाई पाहिजेत. असं माणूस आम्हाला इथं मिळत नाही."

जालिंदरराव फोन कानाला तसाच धरून खाटेवर बसले. एक अख्खं सरकार! आणि त्याला कुणीतरी लिहून देतंय, की सरवद्यांच्या सुनेसारखं माणूस तुमच्या मुलखात नाही. त्यांनी स्वतः उभ्या जन्मात सरकारला काय काय लिहून दिलं होतं ते आठवून पाहिलं. बहुतेक रजेचे अर्ज होते.

पण सुमितनं पाठवलेल्या कंपनीच्या कागदावर, अगदी खालच्या ओळीत, सुमितचंही नाव होतं. तो ज्युनियर कॉलेजात फिजिक्स शिकवायचा. ती नोकरी सोडून तो बायकोबरोबर निघाला होता. त्याच्या नावापुढं 'डिपेंडंट' असा शब्द होता. त्याचा अर्थ जालिंदररावांनी कुणाला विचारला नाही. पेन्शनच्या फॉर्मात तोच शब्द त्यांनी आपल्या हातानं नागूबाईंच्या नावापुढं लिहिला होता.

दुसऱ्या दिवशी ते बिरप्पाच्या टपरीवर म्हणाले, "पोरगा चाललाय आयर्लंडला." यात खोटं काही नव्हतं. पण बिरप्पानं चहा गाळता गाळता विचारलं, "कंच्या पोस्टवर, भाऊ?" जालिंदररावांनी एक घोट घेतला. तो गिळेपर्यंत त्यांना खरं बोलायला वेळ होता. घोट गिळला आणि त्यांनी सुनेचा हुद्दा मुलाच्या अंगावर चढवला.

चार दिवसांत फ्लेक्स लागला. कंपनीचं नाव कुणाला म्हणता येईना, म्हणून बिरप्पानं सरळ देशच घातला. फ्लेक्सवाल्या राजशेखरनं सुमितचा फोटो लग्नाच्या अल्बममधून उचलला आणि शेजारची नवरी कापून काढली. तिचा बांगड्यांनी भरलेला हात तेवढा सुमितच्या खांद्यावर राहून गेला. खाली अकरा शुभेच्छुकांचे चौकोन होते. एक शुभेच्छुक कमी पडत होता, म्हणून त्यात सूनबाई.

शनिवारी सुमित आणि धम्मप्रिया पुण्याहून आले. रिक्षा फ्लेक्सखालीच थांबली. धम्मप्रियानं मान वर करून डावीकडून उजवीकडं सगळं वाचलं. जालिंदरराव तिची बॅग उतरवून घ्यायला पुढं झाले.

"आबा," ती म्हणाली, "माझा फोटो बरा आलाय की."

"माझे डोळे मिटलेत," सुमित म्हणाला.

बस्स. त्यावर दोघं काही बोलले नाहीत. जेवताना बोलले नाहीत, रविवारी बोलले नाहीत. सुनेनं दोन शब्द सुनावले असते तर जालिंदररावांना भाकरी गोड लागली असती. तिनं मात्र त्यांच्या ताटात शेंगाचटणीवर दही घातलं.

सोमवारी सकाळी तिनं नागूबाईंच्या शिलाई मशीनवर लॅपटॉप ठेवला आणि कॉलवर बसली. जालिंदरराव तिचा चहा घेऊन दारापर्यंत गेले आणि तिथंच थबकले. पडद्यावर आठ चौकोनांत आठ माणसं होती, देशोदेशीची, आणि सगळी एकदम ओरडत होती. कुठंतरी काहीतरी मोठं बंद पडलं होतं. धम्मप्रिया ऐकत राहिली. मग चार वाक्यं बोलली, हळू, भाजीवालीला निवडून द्यायला सांगावं इतक्या हळू. आठही चौकोन गप्प झाले. त्यातला एक गोरा, पांढऱ्या केसांचा, जालिंदररावांच्याच वयाचा माणूस मान खाली घालून वहीत लिहून घ्यायला लागला.

वर्कशॉपमध्ये साहेब लोक टेबलावर हात आपटायचे, तेव्हा कुठं नट आवळायचे दोन पाने जागेवरून हलायचे. इथं आवाजही चढला नव्हता. बऱ्याच वेळानं त्यांच्या ध्यानात आलं, की आपण टाचा जुळवून ताठ उभे आहोत.

"आबा, आत या ना," लॅपटॉप मिटत ती म्हणाली. "चहा गार झाला का?"

"झाला," जालिंदरराव म्हणाले.

तेवढ्यात दारात हेल्मेट दिसलं. हेल्मेटाखाली बसवेश नावाचा पन्नाशीचा गृहस्थ होता. डब्लिनच्या कंपनीनं नेमलेल्या एजन्सीतर्फे तो धम्मप्रियाच्या कायमच्या पत्त्याची चौकशी करायला आला होता. एवढ्या मोठ्या जागेवर माणूस न्यायचं, तर ते सांगतं तसंच आहे ना, हे आधी बघतात.

"धम्मप्रिया मॅडम तुमीच का? पत्ता बरोबर हाय," तो घाम पुसत म्हणाला. "पण एक घोटाळा झालाय बघा. मला दोन शेजाऱ्यांना इचारावं लागतं. टपरीवर इचारलं, तर ते म्हणाले नोकरी दादांना लागलीय. पलीकडच्या मावशीबी तेच म्हणाल्या. वर एवढा मोठा बोर्ड!"

"हे माझं पत्र बघा," धम्मप्रियानं कागद पुढं केला.

"कागद तिकडं तपासत्यात, मॅडम. माझं काम शेजाऱ्यांचं." त्यानं मोबाइल दाखवला. "हितं दोन बटणं हायत. 'माहिती जुळते' आन् 'माहिती जुळत नाही'. दुसरं दाबलं की फाइल परत."

"परत म्हणजे?" नागूबाईंनी विचारलं.

"आई, गुरुवारी कंपनी व्हिसाचा अर्ज भरणार आहे," धम्मप्रिया शांतपणे म्हणाली. "फाइल परत गेली तर नाही भरणार. ती जागा थांबणार नाही."

नागूबाईंनी नवऱ्याकडं पाहिलं. नुसतं पाहिलं. जालिंदररावांनी पायांत चपला अडकवल्या. "चला साहेब. शेजाऱ्यांस्नी परत इचारू."

सगळी वरात टपरीवर गेली. पलीकडच्या मुक्ताबाई तिथंच होत्या. जालिंदररावांना येताना बघून बिरप्पानं छाती पुढं काढली.

"बिरप्पा, ह्या साहेबांना नीट सांग. नोकरी कुणाला लागलीय?"

"सुमितला!" बिरप्पा ठणकावून म्हणाला. "कुणीबी इचारू द्या, आमी सुमितच सांगणार."

"लहानपणापास्नं लई हुशार वो," मुक्ताबाईंनी भर घातली. "पाचवीत असताना माझा रेडिओ खोलला त्यानं."

"परत जोडला नव्हता, मावशी," सुमित पुटपुटला.

"आन् सूनबाई?" बसवेशनं विचारलं.

"गरीब गाय हाय. घर भलं आन् ती भली."

बसवेशचं बोट दुसऱ्या बटणाकडं सरकलं. बिरप्पानं जालिंदररावांना डोळा मारला, काळजी करू नका, आमी हाय की, असा. तो डोळा बघितला मात्र, जालिंदररावांच्या डोक्यात उजेड पडला. ज्याला खरंच वाटत असतं तो कशाला डोळा मारेल?

त्यांनी बिरप्पाला स्टोव्हच्या आडोशाला ओढलं. "तुला ठाऊक हाय?"

"काय?"

"नोकरीचं."

बिरप्पा फडक्यानं हात पुसत राहिला. "सगळ्या गल्लीला ठाऊक हाय, भाऊ. मुक्ताबाईच्या नातीनं पहिल्याच दिशी मोबाइलवर दावलं. पण तुमी एवढ्या जोरात सांगितलं. म्हटलं, म्हातारपणी माणसाला उघडं कशाला पाडायचं? म्हणून तर फ्लेक्स एवढा मोठा केला."

जालिंदररावांना वाटलं, आपण या गल्लीत पस्तीस वर्षं राहिलो आणि ही माणसं आज दिसली.

"मग आता सांग की त्या साहेबाला!"

"मी? छ्या. तुमचा शबुद मी कसा खाली पाडू? मुक्ताबाई सांगतील."

"न्हाई बाई," मुक्ताबाईंनी पदर ओढून घेतला. "ज्याच्या घरचं त्यानं बोलावं."

सुमितनं तोंड उघडलं. धम्मप्रियानं त्याचा दंड दाबला आणि तो गप्प राहिला. सासऱ्याला चारचौघांत खोटं पाडण्यापेक्षा आयर्लंडवर पाणी सोडायला ती तयार होती. हे जालिंदररावांना तिच्या बोटांवरून कळलं. तीच बोटं तासापूर्वी शिलाई मशीनवर होती, आणि तिच्यापुढं पांढऱ्या केसांचा एक माणूस वहीत लिहून घेत होता.

"कसं करू, काका?" बसवेश म्हणाला. "मला अजून अक्कलकोट रोडला जायचंय."

कुणीतरी स्टोव्ह बारीक केला.

"साहेब, ते बोट उचला आदी," जालिंदरराव म्हणाले. "आन् लिहून घ्या. नोकरी माझ्या सुनंला लागलीय. धम्मप्रिया सुमित सरवदे. तिच्यासारखं माणूस त्यांच्या मुलखात घावंना, असं कंपनीनं तिथल्या सरकारला लिहून दिलंय. सरकारला! आन् माझा पोरगा बायकोच्या जिवावर चाललाय."

बिरप्पानं आणि मुक्ताबाईंनी माना डोलावल्या, तसं टाइप करणाऱ्या बसवेशचं बोट पहिल्या बटणाकडं वळलं. जालिंदररावांनी आवाज आणखी चढवला, गल्लीच्या पार टोकाला जाईल असा.

"पुढच्या उन्हाळ्यात मीबी जाणार हाय. तिच्याच जिवावर."