मी शांत आहे

यंदाच्या जयंतीला वक्तृत्व स्पर्धेची ट्रॉफी माझ्याच घरी येणार होती, कारण माझ्याकडे जिवंत पुरावा होता. विषय: माणूस जन्माने नाही, संगोपनाने घडतो. पुरावा: माझी जुळी बहीण यशोधरा.

दिसायला आम्ही सेम टू सेम. लोक मला ‘झेरॉक्स’ म्हणतात. ओरिजिनल कोण, तेही विचारतात, वर हसतात. मला ते कायमचं बंद करायचं होतं.

भिमाआत्याला मूलबाळ नव्हतं, म्हणून सहा महिन्यांच्या यशूला तिने उल्हासनगरला नेलं. मी राहिले मांजर्लीत, आईपप्पांकडे. म्हणून मी शांत, समजूतदार. आणि यशू आत्याच्या कपड्यांच्या गाळ्यावर वाढलेली, नुसता तापलेला तवा! हे भाषण मी पीसीओवरून तिला इतक्यांदा ऐकवलं की तिलाही पाठ झालं. तिथेच माती खाल्ली.

जयंतीला आत्या यशूला घेऊन मांजर्लीत आली होती. माझा नंबर यायच्या आधी मी मांडवाबाहेर सरबत घ्यायला गेले. तेवढ्यात मंडळाच्या जनूकाकांनी माझं नाव पुकारलं आणि यशूलाच दंडाला धरून स्टेजवर चढवलं. मी ग्लास घेऊन धावत आले, तर बया माझंच भाषण ठोकत होती. माझ्या हातवाऱ्यांसकट. पुराव्यापाशी आली आणि बोट माझ्याकडे:

“ती बघा माझी बहीण. मांजर्लीत लाडात वाढली, म्हणून चिडकी. मी बाजारात वाढले, दिवसभर गिऱ्हाईक सांभाळते, म्हणून शांत.”

टाळ्या! मी थेट स्टेजवर.

“काका, विशाखा मी आहे. ही यशू.”

“एकदा बोललीस ना बाळा? परत कशाला?” जनूकाका मलाच म्हणाले.

“नाव कटत होतं तुझं, म्हणून बोलले,” यशू म्हणाली. “एहसान मान.”

“मग चिडकी मी कशी?”

“आरशात बघ ना जाऊन.”

“तूच बघ. मी शांत आहे!”

“मी शांत आहे!”

शेवटचं दोघी एकदम. डावा हात कमरेवर, उजवं बोट हवेत, नाकपुड्या फुगलेल्या. माईक चालू. अख्खा मांडव हसून आडवा.

परीक्षकांनी पहिला नंबर दिला. नाव माझं, भाषण यशूने केलेलं. वर शेरा: “मांडणी उत्तम. पुरावा मात्र विरुद्ध बाजूचा.”

आत्या पप्पांना म्हणाली, “दादा, मी नाही हं बिघडवलं पोरीला. हे तुझ्याच घरातून आलंय.”

पप्पांनी हळूच आईकडे बघितलं.

“माझ्याकडे काय बघताय? मी शांत आहे,” आई म्हणाली.

तिचा डावा हात कमरेवर होता.