वलगावचा समुद्र

आमच्या वलगावात सकाळी चहाच्या टपरीवर तीन बातम्या हमखास कळतात. गावात कोण गेलं, शेतातल्या मोटारीची लाइन किती वाजता येणार, आणि अरबी समुद्राला भरती केव्हा आहे. पहिल्या दोन बातम्या कोणीही सांगतं. तिसरी सुखदेवकाका सांगतात.

समुद्र आमच्यापासून सहाशे-सातशे किलोमीटर. गावाजवळून नदी वाहते असं म्हणायचं, पण उन्हाळ्यात तिच्या पात्रात बकऱ्या चरतात. अशा गावात हा अडुसष्ट वर्षांचा, वांगी आणि सांबार पिकवणारा माणूस (सांबार म्हणजे आमच्याकडे कोथिंबीर, इडलीबरोबरचं नव्हे) डोक्याला दुपट्टा गुंडाळून टपरीवर येतो, बशीत चहा ओततो आणि जाहीर करतो, "आज षष्ठी. साहा पाऊणे साडेचार. साडेचारले भरती!"

एकदा पोलीस भरतीची तयारी करणारी दोन पोट्टी धावता धावता थांबली आणि विचारती झाली, "काका, फॉर्म कुठं भेटते?"

"फॉर्म नाही लागत बे त्याले. पाणी लागते," काका म्हणाले.

आता ही पाऊणकी. मी अमरावतीच्या एका शाळेत गणित शिकवतो, त्यामुळे या प्रकरणात माझी थोडी इज्जत अडकलेली आहे. जितवी तिथी, तिला पाऊणने गुणायचं, की भरतीची वेळ आली. काका लहानपणी शाळेत मार खाऊन पाऊणकी शिकले होते, ती साठ वर्षांनी अशी कामाला आली. मी म्हटलं, असं कुठं असतं का? मोबाइलवर ताडून पाहिलं. वीस मिनिटांचाही फरक नव्हता! वर्गात मी कॅल्क्युलेटर बंद करा म्हणून ओरडतो, आणि इथे मोबाइल घेऊन मीच तोंडघशी पडलो.

काकांना यात काही नवल वाटत नाही. शेतकऱ्याला आठवडाभर दिवसा लाइन, आठवडाभर रात्री. वेळ चुकली की वांगी वाळली. "समुद्राले बी लोडशेडिंग हाय, मास्तर," ते मला समजावतात. "रोज पाऊण घंटा सरकते. पण आपल्या लाइनीपेक्षा बरा. सांगितलेल्या टायमाले येते." आणि मग त्यांचं नेहमीचं वाक्य : "पाण्याचा टाइम पाळा, पाणी तुमाले पाळते."

हे सगळं कशासाठी, तर वैशूसाठी. वैशाली ही त्यांची एकुलती एक लेक. बँकेची परीक्षा पास झाली, पहिली नेमणूक मालवणच्या खालच्या अंगाला एका एवढ्याशा गावात मिळाली. तिथे महेश नावाचा एक मुलगा फळीवर उभा राहून लाटेवरून घसरत किनाऱ्याला येताना तिनं पाहिला. पुढे तीही घसरली. आधी लग्न केलं, मग बँक सोडली, आणि आता नवरा-बायको मिळून येणाऱ्या-जाणाऱ्यांना सर्फिंग शिकवतात. काकांनी ही बातमी टपरीवर सांगितली तेव्हा त्यांचा आवाज बसला होता. "सरकारी बँक सोडली, भाऊ. अन् धरलं काय? फळी!"

लेकीचं काम पाण्यात, म्हणून बाप रोज तिला फोन करून पाण्याची वेळ सांगतो. लग्नाला आठ वर्षं झाली, नात शाळेत जायला लागली, पण काका स्वतः तिकडे गेले नव्हते. कधी संत्र्याला पाणी द्यायचं असायचं, कधी गाय व्यायची असायची. आमच्या गावात त्या गाईइतक्या वेळा कोणतीच गाय व्यालेली नाही. दोन वर्षांपूर्वी काकू गेल्या, त्यानंतर वैशू दर फोनला बोलवायची. काका म्हणायचे, "येतो न. तूर सोंगून झाली की येतो."

या जानेवारीत तूर खरंच सोंगून घरात आली आणि काका माझ्या दारात उभे. "मास्तर, चला. मले एकट्याले गाड्या बदलता नाही येत." बरोबर एक पिशवी वांगी, जवसाची चटणी, जवसाच्या तेलाची बाटली, आणि एक खुरपं. "खुरपं कशाला, काका?" "लेकीच्या घरी रिकाम्या हातानं जातात का?"

मूळ बेत त्यांनी गाडीत उघड केला. "मास्तर, म्या वैशूले घ्याले चाल्लो."

"घ्यायला? दिवाळी तर होऊन गेली."

"दिवाळीपुरती नाही. कायमची. जावई, नात, समदे." त्यांनी सगळं ठरवून ठेवलं होतं. नात ऑटोनं अमरावतीच्या शाळेत जाईल. परतवाडा रोडच्या बाजूला घर वाढवायचं. "खारी हवा, घरात रेती, पोरीचे केस पाह्यले का फोटोत? काथ्या झाला काथ्या!"

"आणि जावई वलगावात काय करतील?"

"थोच इचार करून राह्यलो. पोहता येते त्याले. विहिरीतला गाळ काढाले कामात येईन."

मी हसलो, पण खरं कारण मला ठाऊक होतं. खारी हवा वगैरे ठीक आहे. काकू गेल्यापासून हा माणूस एकदाच भाकरी थापतो आणि दोन्ही वेळा तीच खातो. मी त्यांना वावरात मोटारीच्या स्टार्टरशी भांडताना ऐकलं आहे, आणि तेही चांगला अर्धा तास. 'मले एकट्यानं करमत नाही' एवढं एक वाक्य म्हणायला त्यांची जीभ वळत नव्हती.

कुडाळला उतरून आम्ही गावात पोहोचलो. माडांच्या मधून एक पाऊलवाट, दहा-बारा घरं, वाळत घातलेली जाळी, आणि समोर एकदम पाणीच पाणी. काका चपला काढून उभे राहिले. मी म्हटलं, आता काहीतरी भव्य बोलणार. ते म्हणाले, "अरे बाप्पा! अन् यातला एक घोट बी वांग्याले चालत नाही!"

वैशूचा वर्ग किनाऱ्यावर चालू होता. वाडीतली सात-आठ पोरं, त्यांत काकांची नातही, फळ्या घेऊन कमरेएवढ्या पाण्यात, आणि मागून आमची वैशू ओरडतेय, "थांब... थांब... आली पाह्य! आता उठ! उठ न बे, काहून लोळून राह्यला?" आणि ती मालवणी पोरंसुद्धा एकमेकांना बिनदिक्कत 'काहून पडला बे' म्हणत होती. कोकणच्या किनाऱ्यावर वऱ्हाडी ऐकून मला भडभडून आलं, खोटं कशाला सांगू.

पहिल्या दिवशी काकांना ते गाव फार पटलं. मुख्य म्हणजे तिथली माणसं सकाळी उठून, हात कमरेवर ठेवून, अर्धा अर्धा तास नुसती समुद्राकडे पाहत उभी राहतात. लाट कशी आहे, वारा कुठला आहे. "आपल्यासारखेच हायेत," काका म्हणाले, आणि त्यांच्या रांगेत जाऊन हात कमरेवर ठेवून उभे राहिले. महेशरावांनी त्यांना नियम सांगितला, की लाट ज्याच्या वाट्याला आधी आली त्याची. दुसऱ्यानं मधे घुसायचं नाही. हे तर काकांना जन्मापासून ठाऊक. कॅनॉलचं पाणी ज्याच्या पाळीचं त्याचं. संध्याकाळी पुण्याचा एक पाहुणा दुसऱ्याच्या लाटेत घुसला, तसे काका किनाऱ्यावरून कडाडले, "ओ भाऊ! पाळी त्याची हाय न! पाळी सोडून पाणी घेता?" तो बिचारा दचकून पडला आणि किनाऱ्यावर येऊन सॉरी म्हणून गेला.

दुसऱ्या दिवशी मात्र घात झाला.

काका सवयीनं पहाटे पाचला उठले. अंगणातल्या शेडमध्ये फळ्या ओळीनं उभ्या होत्या. काकांनी हात फिरवून पाहिला, तर वरच्या बाजूला मळकट, चिकट, खरखरीत थर. "मास्तर, पाह्यलं का? औजारं अशी ठेवतात का कोणी?" झालं! पिशवीतून खुरपं निघालं. आमच्याकडे पोळ्याच्या आधी बैलाची शिंगं घासून तेल लावून चकचकीत करतात, त्याच प्रेमानं काकांनी आठही फळ्या खरवडल्या आणि जवसाचं तेल चोळलं. तेलाची बाटली मी धरली होती, हे इथे कबूल करून टाकतो.

आठ वाजता पाहुण्यांची तुकडी पाण्यात गेली. पहिला पोटावर आडवा झाला आणि फळीच्या पुढच्या टोकातून बाहेर निघाला. दुसरी बाई चढली या बाजूनं, उतरली त्या बाजूनं. तिसरा तर फळीला हात लावायचा आणि फळी निघून जायची. महेशरावांना वाटलं, आज समुद्रातच काही बिघाड आहे. शेवटी वैशूनं एका फळीवरून बोट फिरवलं, वास घेतला आणि वळून पाहिलं.

"बाबा! हे जवसाचं तेल हाय का?"

"हाव," काका अभिमानानं म्हणाले. "आठही केल्या. कसा मळ चढला होता त्याच्यावर!"

"अहो, मेण असते ते! पाय घसरू नये म्हणून आम्ही मुद्दाम लावतो!"

काकांचा चेहरा खर्रकन उतरला. "असं का..." एवढंच म्हणाले. वैशू दोन क्षण रागावल्यासारखी उभी राहिली, आणि मग मटकन वाळूत बसून पोट धरून हसायला लागली. पाहुणेही हसले. काका तेवढे हसले नाहीत.

आता फळ्या धुवायच्या. महेशरावांनी एक हाक मारली मात्र, मासे निवडत बसलेल्या बाया टोपल्या तशाच टाकून उठल्या. कोणी राख आणली, कोणी काथ्या, कोणी भांड्यांचा साबण. आठ फळ्यांना सोळा-सतरा माणसं लागली. काकाही मान खाली घालून घासायला बसले. शेजारची एक आजी, नाकात एवढी मोठी नथ, काकांवर खेकसली, "काय ओ, आमच्या वैशूक तरास कित्याक दितास?"

काकांचा हात थांबला. मला म्हणाले, "मास्तर, बाई काय म्हणे?"

"म्हणतात, आमच्या वैशूला त्रास कशाला देता."

"आमच्या म्हणे न?"

"हो."

काका पुन्हा फळी घासायला लागले, मघापेक्षा सावकाश. दुपारी त्यांनी किनाऱ्यावर सुकी झावळं पेटवून पिशवीतली सगळी वांगी भाजली आणि साऱ्या वाडीला भरीत खाऊ घातलं. त्या आजींना दोनदा वाढलं. भरीत इतकं तिखट होतं, की आजी पदरानं नाक पुसत म्हणाल्या, व्याही रागीट दिसतात.

आणखी दोन दिवस आम्ही राहिलो. 'कायमची चाल' हे वाक्य काही काकांच्या तोंडून आलं नाही. मी डोळ्यांनी खूण करायचो, ते मान फिरवायचे. निघायच्या सकाळी वैशूनंच विषय काढला. पायरीवर त्यांच्या शेजारी बसली. "बाबा, तुम्ही काही बोलाले आले होते न?"

"म्या? नाही बा. पोरीचं घर पाहाले आलो होतो. पाह्यलं. चांगलं हाय."

"मग खरं सांगा, तिकडे करमते का तुमाले? नाहीतर आम्ही येतो तिकडे. महेशसंग बोलणं झालं माझं. तुमाले एकटं ठेवून मले इथं झोप नाही लागत."

ज्यासाठी दोन गाड्या बदलून आलो, ते न मागता समोर आलं होतं. मी काकांकडे पाहिलं.

"मले? एकटं?" काका मोठ्यानं हसले. "अवं, मले टाइम कुठं हाय? सकाळी टपरी, दुपारी वावर, अन् संध्याकाळी तर आपला ओटा भरून राह्यते. दहा-बारा जण रोजचे. पत्त्याचे डाव रंगून राह्यतात. पाय ठेवाले जागा नसते. नाही का, मास्तर?"

त्यांच्या ओट्यावर संध्याकाळी कुत्रंसुद्धा बसत नाही. मी स्वतः समोर राहतो आणि गाडीवरून हात दाखवून निघून जातो. वैशू माझ्याकडे पाहत होती.

"हो न," मी म्हणालो. "परवा मला उभंच राहावं लागलं."

वैशूचा चेहरा हलका झाला. तिनं बापाच्या दंडाला डोकं टेकवलं. काका समोर पाण्याकडे पाहत राहिले आणि तिच्या त्या काथ्या झालेल्या केसांवरून हात फिरवत राहिले.

परतीच्या गाडीत मला माझीच लाज वाटत होती. रत्नागिरी गेल्यावर काका खाकरले.

"मास्तर, तुमाले खोटं बोलाले लावलं."

"जाऊ द्या हो, काका."

"नाही. शिकवणाऱ्या माणसानं खोटं बोलू नाही." त्यांनी दुपट्टा सोडला, पुन्हा गुंडाळला. "एक करा. संध्याकाळी घंटाभर येत जा ओट्यावर. मंग थे खोटं राहणार नाही."

"येतो. रोज येतो," मी म्हणालो.

"हाव," काका म्हणाले. "फक्त येतानी पत्त्याचा कॅट तेवढा घेऊन या. माह्याजवळ नाही."