मागचं डावं दार

लोणकरकाका गाडी बघायला गेले की गाडीकडे बघत नसत. बॉनेट उघडत नसत, किती किलोमीटर फिरलीय ते विचारत नसत, टायरला लाथही मारत नसत. सरळ मागच्या डाव्या दाराशी जायचे, आत बसायचे आणि मला म्हणायचे, "कुलकर्णी, लावा." मी बाहेरून दार लावलं की आत सुटकेची धडपड सुरू. हँडल ओढ, दाराला खांदा दे, काच खाली करून हात बाहेर काढ, बाहेरच्या हँडलपर्यंत बोटं पोचतात का बघ. सत्तरी ओलांडलेला, कडक इस्त्रीचा शर्ट घातलेला माणूस उभ्या गाडीतून बाहेर पडायला असा झटताना दिसला की गाडीचा मालक माझ्याकडे बघायचा. मी आकाशाकडे बघायचो.

दोन-पाच मिनिटांत दार उघडायचंच. काका घाम पुसत उतरायचे आणि म्हणायचे, "नापास."

"अहो काका, दार उघडलं की!" मालक म्हणायचा.

"म्हणूनच."

मग खिशातून लाल कागदाची चिठ्ठी निघायची. तिच्यावर तारीख, 'नापास, कारण: मा. डा. दार' आणि खाली सही. ही चिठ्ठी वायपरखाली अडकवल्याशिवाय ते तिथून हलत नसत. एकदा एका विक्रेत्याने चिडून विचारलं, "काका, मी काय तुमचा विद्यार्थी आहे?" काका शांतपणे म्हणाले, "असतात तर चौथीपुढे येऊ दिलं नसतं."

काका आमच्या समोरच्या फ्लॅटमध्ये राहायचे. खडकीला दारूगोळ्याच्या कारखान्यात चौतीस वर्षं तपासनीस होते. तिथे नापास झालेल्या नगाला लाल चिठ्ठी लागायची, म्हणे. नोकरी संपली तरी चिठ्ठ्या संपल्या नाहीत. अप्पा बळवंत चौकातून लाल कागद आणून स्वतः कापायचे. सोसायटीची लिफ्ट दुरुस्त झाली तेव्हा हे वीस मिनिटं आत उभे राहिले आणि बाकीचे सगळे जिन्याने चढले. दिवाळीत आमच्याकडून शेजारधर्म म्हणून गेलेल्या चकल्यांपैकी दोन परत आल्या होत्या, सोबत चिठ्ठी: 'मोडलेल्या. बाकी पास.' माझी बायको तीन दिवस धुमसत होती. कशालाही बरं म्हणायची वेळ आली की काकांचं एकच ठरलेलं वाक्य: "बाहेरून सगळंच बरं दिसतं."

सुमनकाकू हसायच्या. "जगाला तपासतात. मला बघायला आले तेव्हा मात्र वर मान केली नाही हो यांनी. माझं तपासायचं राहूनच गेलं." काका पेपर वर धरून तोंड लपवायचे.

हे काकू नीट होत्या तेव्हाचं. गेली दोन वर्षं काकूंना विसरायला होत होतं. दिवसभर तुम्हाला पत्ताही लागला नसता. केस नीट बांधलेले, चापूनचोपून नेसलेलं पातळ, "चहा घेणार ना?" हे विचारणंही तसंच. पण दिवेलागणीची वेळ झाली की काकू चांगलं पातळ नेसून, हातात पिशवी घेऊन दाराशी उभ्या राहायच्या. "चला, घरी जायचंय. उशीर झाला." हेच आपलं घर, असं सांगितलं की रडायला लागायच्या. परक्या घरात अडकून पडलेली लहान मुलगी रडावी तसं ते रडणं भिंतीतून आमच्याकडे ऐकू यायचं. आम्ही टीव्हीचा आवाज वाढवायचो. लाज वाटते, पण वाढवायचो.

काकांनी त्यांना खडकीच्या जुन्या क्वार्टर्सकडे नेऊन पाहिलं. तिथे दुसऱ्याच कोणाचे कपडे वाळत होते. "हे नव्हे," काकू म्हणाल्या. हताश होऊन काका त्यांना रिक्षाने परत कोथरूडला घेऊन आले, तर आमच्या सोसायटीच्या गेटवरचा दिवा बघून काकू म्हणाल्या, "आलं बाई घर!" आणि वर जाऊन गुमान जेवल्या.

तेव्हापासून रोज संध्याकाळी अर्धा तास रिक्षा. सोसायटीतून निघायचं, कर्वे रोडने नदीवरच्या पुलापलीकडे जायचं, वळायचं आणि परत. तीन महिने हे औषध लागू पडलं. मग एके दिवशी काका म्हणाले, "आता रिक्षा चालत नाही तिला. गाडी घ्यायचीय. जुनी, छोटी, दीड लाखापर्यंत. तुम्ही बरोबर चला." का चालत नाही, ते सांगितलं नाही.

दीड लाखाच्या वर पैसे नव्हते आणि दिवाळीच्या पुढे वेळ नव्हता. नागपूरला असलेल्या मुलीने, मीनलने, तळेगावकडच्या एका संस्थेत आईसाठी जागा राखून ठेवली होती. तिचंही काही चुकत नव्हतं. फेरी बंद पडल्यावर काकू दोन रात्री झोपल्या नव्हत्या आणि काका तिसऱ्या दिवशी जिन्यात चक्कर येऊन पडले होते. "बाबा, दिवाळीपर्यंत बघा. नाही जमलं तर मी आईला तिकडे ठेवणार," असं ती म्हणाली होती. हे काकांनी मला 'नापास' म्हणतात त्याच आवाजात सांगितलं.

अशा रीतीने माझे रविवार गेले. माझ्याकडे स्कूटर आहे, गाडीतलं मला ओ की ठो कळत नाही. पण माझं काम फक्त दार लावायचं आणि उघडायचं होतं. मागच्या दाराच्या कडेला एक बारीक कळ असते, ती सरकवली की दार आतून उघडत नाही, मुलांसाठी केलेली सोय असते, हे ज्ञान मला या वयात मिळालं. दीड लाखातल्या गाड्यांत ती कळ बहुधा गंजलेली किंवा सैल झालेली. एखादीत चालू निघालीच तर काका काच खाली करून हात बाहेर काढायचे आणि बाहेरून दार उघडून दाखवायचे. काकांची नातवंडं नागपूरला कॉलेजात होती. ही सोय नेमकी कुठल्या मुलासाठी, ते मला समजेना. विचारलं तर उत्तर तेच: "बाहेरून सगळंच बरं दिसतं, कुलकर्णी."

नववी गाडी निळी होती. एका प्राध्यापकांनी पोटच्या पोरीसारखी सांभाळलेली. सीटवर कव्हर, कव्हरवर टॉवेल. पैशांतही बसत होती. कळसुद्धा चालू होती. मला वाटलं, सुटलो. तेवढ्यात खिडकीतून काकांचा हात बाहेर आला, चाचपडत खाली गेला आणि दार उघडलं. नापास.

माझा संयम सुटला. प्राध्यापकांच्या दारातच मी काकांना म्हणालो, "तुम्हाला गाडी घ्यायचीच नाहीये. दिवाळी तीन आठवड्यांवर आली. काकू जातील तिकडे आणि तुम्ही बसा इथे चिठ्ठ्या लिहीत."

काकांनी हातातली चिठ्ठी घडी करून खिशात ठेवली आणि बसस्टॉपकडे चालू लागले. मी स्कूटरने त्यांच्या शेजारून गेलो, थांबलो नाही. त्या गोष्टीची आठवण झाली की मला अजूनही कसंतरी होतं.

पुढच्या रविवारी नऊच्या ठोक्याला बेल वाजली. दारात काका. "येताय ना? दार लावायला माणूस लागतो." माझी मान खाली गेली. मी चप्पल घातली.

बायपासच्या कडेला पत्र्याच्या कंपाउंडमध्ये तीस-चाळीस जुन्या गाड्या उभ्या होत्या. तिथला मालक तिशीतला, उत्साही. "सर, ही बघा, सिंगल ओनर. ही बघा, फुल कंडिशन." काका त्याला ओलांडून पार कोपऱ्यात गेले. तिथे एक चॉकलेटी गाडी होती. छताचा रंग उन्हाने उडालेला, एका दिव्याला चिकटपट्टी.

"काका, ती नका बघू," तो मागून ओरडला. "इंजिन ओके आहे, पण मागचं लेफ्ट डोअर आतून ओपनच होत नाही. आणि काच हाफ खाली येते, मग जॅम. दोन दिवस द्या, सगळं रिपेअर करून देतो."

काका आत बसले सुद्धा. "लावा."

या वेळी दोन-पाच मिनिटांचं काम नव्हतं. काकांनी हँडल ओढलं, खांदा दिला, सीटवर आडवे होऊन दोन्ही पायांनी दार ढकललं. अर्ध्या काचेतून हात काढला, तो कोपराशीच अडकला. बोटं बाहेरच्या हँडलपासून वीतभर लांब हलत राहिली. मालक माझ्या कानाशी आला. "सर, काकांना काही प्रॉब्लेम आहे का?" मग आतली धडपड थांबली. मी घाबरून दार उघडलं. काका मांडीवर हात ठेवून बसले होते. शर्ट घामाने भिजला होता आणि डोळे भरले होते.

"पास," ते म्हणाले. आयुष्यात पहिल्यांदाच हा शब्द मी त्यांच्या तोंडून असा सुटा ऐकला. मग मालकाला म्हणाले, "या दाराला हात लावायचा नाही. दुरुस्त केलंत तर घेणार नाही."

"पण काका, ते खराब आहे!"

"दुरुस्त केलेलं पुन्हा बिघडतं. बिघडलेलं आपोआप सुधारत नाही."

मालक कागद आणायला गेला. आम्ही शेजारच्या टपरीवर चहा घेतला. कपाकडे बघत काका बोलले. रिक्षातून काकू एकदा सिग्नलला उतरून चालायला लागल्या होत्या, म्हणून रिक्षा बंद करून टॅक्सी केली. पुलावर टॅक्सी वेगात असताना काकूंनी दार उघडलं. "म्हणाली, घर मागे राहिलं. मी शेजारीच होतो हो. धरायला गेलो, तर हातात नुसता पदर आला. पाय बाहेर रस्त्याला घासत होता. पदर फाटला असता तर..." पुढचं वाक्य त्यांनी चहाबरोबर गिळलं. "पुढे बसवली तर स्टिअरिंगला हात घालते. सगळ्या काचा बंद केल्या तर घुसमटते. आणि मी चालवणार म्हणजे माझे दोन्ही हात अडकलेले. म्हणून दार. चौतीस वर्षं एक खराब नग हातून सुटू दिला नाही, कुलकर्णी."

मी त्यांची माफी मागितली. "चहात साखर जास्त आहे," ते म्हणाले.

काकू नेहमी डावीकडेच बसायच्या, आणि उजव्या दाराची कळ चालू होती. तिकडची काच फिरवायचं हँडल काकांनी त्याच दिवशी काढून खिशात घातलं. आणि रोजची फेरी सुरू झाली.

वसुबारसेला मीनल नागपूरहून आली. संस्थेचा फॉर्म तिच्या पर्समध्ये होता, फक्त काकांची सही व्हायची होती. त्या संध्याकाळी काकांनी मला पुढच्या सीटवर बसवून नेलं. मागे काकू, मांडीवर पिशवी, अर्ध्या काचेतून येणाऱ्या वाऱ्याने केस उडताहेत. पूल आला आणि मागे टकटक आवाज सुरू झाला. काकू हँडल ओढत होत्या. "थांबवा, घर मागे राहिलं." काकांचे डोळे आरशावर होते, हात स्टिअरिंगवर घट्ट. टकटक बराच वेळ चालली. दार उघडलं नाही. मग काकू दमल्या आणि दुकानांवरच्या माळा बघत बसल्या.

सोसायटीचं गेट आलं. "आलं बाई घर!" काकांनी उतरून बाहेरून दार उघडलं. काकू पदर सावरत उतरल्या आणि काकांना म्हणाल्या, "फार सांभाळून आणलंत हो. रोज आपणच असता ना? वर चला, चहा घ्या. आमचे हे येतीलच आता ड्यूटीवरून."

"नको बाई," काका म्हणाले. "गाडी लावायचीय." आणि मला हळूच म्हणाले, "दहा मिनिटं बसा वर."

वर मीनल होती. काकूंनी तिला "बसा हं, हे येतीलच" म्हटलं, देवापाशी दिवा लावला आणि दाराजवळच्या खुर्चीवर वाट बघत बसल्या. मीनल माझ्याबरोबर गॅलरीत आली. खाली गाडीतला बारीक दिवा लागला होता. काका आरशात बघून केस विंचरत होते. मग शर्ट नीट खोचला, बाहेर येऊन बुटांवरची धूळ झटकली.

"हे रोज?" मीनलने विचारलं.

"रोज."

ती रडली. जरा वेळाने तिने पर्समधून फॉर्म काढला, दोनदा फाडला आणि तुकडे पुन्हा पर्समध्येच ठेवले.

बेल वाजली. काकू लगबगीने उठल्या, दार उघडलं, आणि त्यांचा चेहरा असा फुलला की मला तिथे उभं राहणं नको झालं.

"आज उशीर केलात?"

"हो," काका म्हणाले. "माल फार नापास झाला."