हौदा जागेवर आहे

वाहन हे एका ठिकाणाहून दुसऱ्या ठिकाणी जाण्याचे साधन आहे, असा एक गैरसमज जगात सर्वत्र आढळतो. गिरगावात तो आढळत नाही. इथे वाहन हे एका ठिकाणी राहण्याचे साधन आहे, आणि या कलेत ठाकूरद्वारच्या नेवरेकर वाडीने जी प्रगती केली आहे तिची योग्य ती नोंद अजून कोणी घेतलेली नाही. म्हणून आम्ही घेत आहोत.

वाडीतले सर्वात प्रगत वाहन म्हणजे अप्पा केळुसकरांचा पिकअप ट्रक. जन्म अमेरिकेत, साल १९७८. आठ सिलिंडर, पाच हजार सातशे सीसी, सगळा कारभार पेट्रोलवर. अप्पा एका विमा कचेरीतून हेडक्लार्क म्हणून निवृत्त झाले आणि दुसऱ्याच आठवड्यात परळच्या एका बंद पडलेल्या कारखान्याच्या लिलावात गेले. घरातून निघाले ते लोखंडी कपाट बघायला. घेऊन आले हे.

"कपाट कुठाय?" दुर्गाकाकूंनी विचारलं.

"ह्याला पण दारं आहेत," अप्पा म्हणाले.

ट्रक वाडीत येऊन उभा राहिला, त्याला एकोणीस वर्षं झाली. या काळात त्याने कापलेले एकूण अंतर चौदा फूट. (गटाराचं झाकण बदलायचं होतं तेव्हा सात फूट पुढे आणि झाकण बदलल्यावर सात फूट मागे.) दर रविवारी सकाळी इंजिन सुरू करून पंधरा मिनिटं गरम केलं जातं. असे नऊशे अठ्ठ्याऐंशी रविवार, प्रत्येकी दीड लिटर, म्हणजे चौदाशे ब्याऐंशी लिटर पेट्रोल. किलोमीटरला किती लिटर लागतं हे आम्ही काढून पाहिलं, पण पुढचे सात वजा मागचे सात म्हणजे शून्य, आणि शून्याने भागायला गणितात परवानगी नाही. तेव्हा त्या रकान्यात 'लागू नाही' असं लिहिलं आहे.

वाहन उभं असलं म्हणून त्याची सुधारणा थांबवायची नसते. हे काम लालबागच्या दत्तारामकडे आहे. हा पूर्वीचा गिरणीतला फिटर. गिरणी गेली, हात राहिले. पहिल्यांदा बॉनेट उघडलं तेव्हा त्याने आधी चपला काढल्या आणि मग म्हणाला, "अप्पानू, ह्यां इंजिन न्हय. ही गिरण आसा."

तेव्हापासून त्याने गाडीला चार तोंडांचा कार्बोरेटर बसवला आहे. दोन सायलेन्सर बसवले आहेत. (नाव सायलेन्सर, काम उलटं.) चिखलात रुतू नये म्हणून हातभर रुंद टायर घातले, वाडीत शहाबादी फरशी आहे. जंगलात लांबवरचं दिसावं म्हणून टपावर सहा दिवे लावले. समोर दहा फुटांवर भिंत आहे, ती आता फारच स्पष्ट दिसते. पुढे गाडी दलदलीतून ओढून काढायचा लोखंडी रहाट आहे. त्याची तार पहिल्या मजल्याच्या कठड्याला बांधलेली असते आणि तिच्यावर चादरी छान वाळतात. या सर्व सुधारणांमुळे गाडीची ताकद तीनशे चाळीस घोड्यांवर गेली आहे. वाडीतली जुनी माणसं सांगतात की पूर्वी इथे दोन घोड्यांचा तबेला होता आणि तेवढ्यानेही हैराण व्हायला व्हायचं.

आता कोणी उपटसुंभ विचारेल की अप्पा ही गाडी चालवत का नाहीत. त्याला वाडीचा उपविधी क्रमांक अकरा दाखवावा: 'वाहन म्हणजे जिच्यावर नंबरपाटी आहे अशी वस्तू. अशी वस्तू जिथे उभी असेल ती जागा तिची. वस्तू हलताच जागा मोकळी समजावी.' १९९८ साली तळमजल्यावरचे एक गृहस्थ गाडी घेऊन शिमग्याला गावी गेले. परत आले तेव्हा जागा गेलेली. त्यांनी वाडीला तीन प्रदक्षिणा घातल्या आणि गाडीसकट गावीच स्थायिक झाले. (आंब्याचं बरं चाललंय म्हणतात.)

शिवाय दुसऱ्या मजल्यावर हितेंद्र आहे. हितेंद्रला गाडी आहे, जागा नाही. त्याची गाडी हिंदमात्याला सासऱ्यांच्या साड्यांच्या दुकानामागे उभी असते आणि दर शनिवारी तो टॅक्सी करून तिला भेटायला जातो. उरलेले सहा दिवस तो गॅलरीत उभा राहून अप्पांच्या तब्येतीची चौकशी करतो. इतकी काळजी अप्पांच्या सख्ख्या मुलानेही कधी केली नाही.

असं सगळं सुरळीत चालू असताना दोन गोष्टी एकदम घडल्या. अप्पांच्या लायसन्सची मुदत संपत आली, आणि डोळ्यांच्या डॉक्टरांनी, तक्त्यावरची तिसरी ओळ अप्पांनी केवळ अनुभवाच्या जोरावर वाचली असं मत देऊन, नव्या लायसन्सच्या सर्टिफिकेटवर सही करायचं नाकारलं. हाती उरले नऊ दिवस.

अप्पांनी एकवेळ सोसलं असतं. पण दुर्गाकाकूंचा शब्द अडकला होता.

त्याचं असं आहे. कफ परेडच्या मच्छीमार नगरातली गुणवंती तीस वर्षं काकूंच्या दारात माशांची पाटी उतरवत होती. आता गुडघ्यांनी तिला घरी बसवलं. जाताना काकूंना म्हणाली होती, "बाय, आता तू येवाचं. पन गारी घेऊन. येवरी वर्सं 'आमची गारी, आमची गारी' करतेस. टॅक्सीतून आलीस तं दार नाय उघराची."

"येईन की. गाडीनेच येईन," काकू म्हणाल्या.

"बघते. आमची बांधलेली होरी पन हलते गो. तुजी गारी हलतच नाय."

हे वाक्य काकूंना लागलं होतं. दर रविवारी इंजिन गरम होताना त्या पर्स मांडीवर घेऊन अप्पांच्या शेजारी बसत, पंधरा मिनिटांनी उतरत आणि डोळ्यांना ऊन लागलं असं सांगत. त्या रविवारी मात्र त्या उतरल्याच नाहीत.

"अहो, नऊ दिवस राहिले."

"माहितीय गं."

"एकदा न्या. मग विका, मोडा, तुळस लावा त्यात."

अप्पांनी वाडीच्या समितीकडे 'वाहनाच्या तीन तासांच्या तात्पुरत्या अनुपस्थितीबाबत' रीतसर अर्ज केला. जिन्यात विशेष सभा भरली. सेक्रेटरी अनुजा, फोर्टात वकिलांच्या ऑफिसात नोकरीला आहे. तिला स्वल्पविरामाचीसुद्धा कीव येत नाही.

सर्वात आधी हितेंद्र उठला. "अप्पा, तुम्ही बिनधास्त जा. काकूंना फिरवून आणा. जागेचं टेन्शन घेऊ नका, मी आहे ना इथे!"

सभेने अप्पांकडे पाहिलं. तो आहे हेच तर टेन्शन होतं.

जागेवर पाळीपाळीने माणसं उभी करावीत अशी सूचना आली. माणसाला नंबरपाटी नसल्याने ती फेटाळण्यात आली. कुंडी, खुर्ची, जुना टायर आणि (एका सभासदाच्या मते) सासूबाई हेही याच मुद्द्यावर बाद झाले. अप्पा खाली बघत होते. काकूंनी पर्सची चेन तीनदा उघडून तीनदा लावली.

तेव्हा मागच्या पायरीवर बसलेला दत्ताराम खाकरला. "पाट्यो दोन आसत."

"म्हणजे?"

"नंबरपाट्यो. एक फुडे, एक मागे. मागची हौद्याक आसा. आणि हौदो आठ बोल्टांवर बसलो आसा. बोल्ट काडले की हौदो सुटलो. गाडी जांवदे. हौदो रवांदे."

पिकअपचं शास्त्र एवढंच आहे: खाली सांगाडा, पुढे इंजिन आणि केबिन, मागे सामान टाकायचा हौदा. हौदा काढून विटांवर ठेवला तरी उरलेलं चारी चाकांवर चालतं. अनुजाने उपविधी दोनदा वाचला, चष्मा पुसला आणि निर्णय दिला: नंबरपाटी असलेली वस्तू जागेवर राहत असल्याने वाहन हललेले नाही.

"मग बाहेर जातंय ते काय?" हितेंद्र ओरडला. "त्याला पण पाटी आहे पुढे!"

"एका नंबराचं एकच वाहन असतं, आणि ते वाडीत उभं आहे. बाहेर जाणारं, उपविधीच्या दृष्टीने, काही नाही."

"आणि त्यात मी बसायचं?" काकूंनी विचारलं.

"हो, काकू."

"बसते."

लायसन्सच्या शेवटच्या दिवशी, दुपारी दोन वाजता, गाडी निघाली. वाडीची वाट सात फूट दोन इंच. गाडी, रुंद टायरांसकट, सात फूट एक. अर्धा इंच डावीकडे, अर्धा उजवीकडे, आणि वर गॅलऱ्यांतून अठ्ठेचाळीस बिऱ्हाडं सूचना देत होती. (त्यांतल्या सत्तेचाळीस चुकीच्या. अठ्ठेचाळिसावा हितेंद्र, तो फक्त 'टाटा' करत होता.) हौद्याचं वजन गेल्याने मागची चाकं जागच्या जागी भिरभिरू लागली, म्हणून दत्ताराम वजन म्हणून मागे सांगाड्यावर बसला. वजन कमी पडलं तेव्हा त्याने हत्यारांची पेटी मांडीवर घेतली.

मरीन ड्राइव्हवर हवालदाराने थांबवलं. त्याने गाडीला एक चक्कर मारली. मग उलटी एक मारली.

"मागची नंबर प्लेट कुठाय?"

"घरी," अप्पा म्हणाले.

"आणि गाडी?"

"तीही घरीच आहे. वाडीचा ठराव आहे तसा. दाखवू?"

हवालदाराने ठराव वाचला. मग खिडकीतून आत पाहिलं. काकू थर्मास घेऊन ताठ बसल्या होत्या, नव्या नऊवारीत. "आजी, तुम्ही कुठे निघालात?"

"मैत्रिणीकडे. गाडीने."

त्याने चलनाचं यंत्र वर केलं, खाली केलं. वाहन जागेवर असताना त्याच्या मालकाला रस्त्यावर पकडल्याचं कलम काही सापडेना. शेवटी त्याने सॅल्यूट ठोकला. कोणाला, ते त्यालाही सांगता येणार नाही.

मच्छीमार नगरात गुणवंती काठी टेकत बाहेर आली. इंजिनाच्या आवाजाने वलांडीवर वाळत टांगलेले बोंबील थरथरत होते. तिने गाडी पुढून पाहिली, मग मागून.

"अर्दीच आनलीस?"

"अर्धी जागा धरायला ठेवलीय," काकू म्हणाल्या.

"आमी दाल्ल्याला ठेवताव," आत बसलेल्या नवऱ्याकडे बघत गुणवंती म्हणाली, आणि तिने दार सताड उघडलं. मग दोघी इतक्या हसल्या की अप्पांना उगाचच टायर तपासावे लागले.

पाच वाजून चाळीस मिनिटांनी मंडळी परत आली. हौदा जागेवर होता. पाटी हौद्यावर होती. पण पुढच्या साडेअकरा फुटांत एक गाडी उभी होती.

हितेंद्रची नव्हे. त्याने तीन वाजताच हिंदमात्याहून आपली गाडी आणून पाहिली. तिची लांबी साडेबारा फूट निघाली, आणि तो तिला डोळे पुसत परत सोडून आला. ही गाडी अकरा फूट तीन इंच. (मोजली आहे.) आली, घुसली, चारी इंडिकेटर लुकलुकत ठेवून मालक उतरला, 'दोनच मिनिटं हां' असं हौद्याला सांगितलं आणि बाजाराकडे निघून गेला. इंडिकेटर चालू असले म्हणजे गाडी उभी नसते, अशी मुंबईत श्रद्धा आहे. पण नंबरपाटी होती. उपविधी अकराप्रमाणे जागा त्या गाडीची झाली.

अप्पांना रस्त्यात थांबता येईना. मागून बस भोंगा वाजवत होती. अनुजाने गॅलरीतून ओरडून सांगितलं की मुदतीत सुरू झालेला प्रवास संपेपर्यंत लायसन्स चालू धरावं. (हे तिचं मत आहे, कोर्टाचं नव्हे.) तेव्हा अप्पांनी गाडी पुढे काढली.

आज अठरावा दिवस, गाडी अजून फिरतेच आहे. ठाकूरद्वार, ऑपेरा हाउस, चौपाटी, कफ परेड आणि परत. अडीच किलोमीटरला एक लिटर, म्हणजे तो रकानाही आता भरला. गुणवंती चालत्या गाडीत तळलेले बोंबील देते. दत्ताराम मागे बसून आहे. तो म्हणतो, गिरणीत पाळी याहून लांब असायची. परवा सिग्नलला आम्ही काकूंना गाठलं आणि त्या गाडीवाल्याला काही निरोप आहे का म्हणून विचारलं.

"म्हणावं, सावकाश या," काकू म्हणाल्या. "मला कुठे घाई आहे?"

पण अप्पांचे डोळे आता दुसऱ्या ओळीवर आले आहेत. म्हणून आमचीच विनंती: त्या गाडीच्या मालकाचं हे वाचून संपलं असेल तर त्याने येऊन गाडी काढावी. आणि मालक कोण म्हणून इकडेतिकडे बघू नका. ती गाडी तीच, जिची चावी आहे ना म्हणून तुम्ही आत्ता खिसा चाचपलात.